हवाई अंतर आणि घरचे अंतर

निर्मलला आमच्या आजोळच्या गच्चीवर संध्याकाळी सतरंजी टाकून बसण्याची जुनी पद्धत आहे. उन्हे उतरली की वारा सुटतो, दूरवरच्या डोंगरांच्या रांगा निळसर होतात आणि माथ्यावरून उत्तर-दक्षिण जाणारी विमाने दिसू लागतात. नकाशावर दिल्ली आणि हैदराबाद या दोन शहरांच्या विमानतळांवर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर ती निर्मलच्या पश्चिमेस अवघ्या पंधराएक किलोमीटरवरून जाते. त्यामुळे हे गाव विमानांना अपरिचित नाही, विमानेही गावाला अपरिचित नाहीत. ओळख आहे, येणेजाणे मात्र नाही.

या ओळखीचा अर्थ आम्हांला काही वर्षांपूर्वी कळला. माघातल्या एका रात्री दोनच्या सुमारास मामा गेले. मामांचा धाकटा मुलगा दिल्लीस नोकरीला आणि आतेभाऊ नांदेडला. दोघांनाही एकाच वेळी फोन गेले. आतेभाऊ तीन वाजता जीप काढून निघाला. भोकर-भैंसा करीत सकाळी सहाला तो दारात उभा होता. मामेभाऊ साडेचारला घराबाहेर पडला, पहाटेचे पहिले विमान त्याला मिळाले आणि आठ वाजण्याच्या सुमारास खिडकीतून त्याला श्रीरामसागर धरणाचे पसरलेले पाणी दिसले. त्या पाण्यावरून त्याने ओळखले, की आपण घरावरूनच चाललो आहोत. खाली अंगणात सगळे त्याचीच वाट पाहत होते. तो प्रत्यक्ष अंगणात आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. घरावरून गेल्यानंतर घरी पोचायला त्याला सहा तास लागले.

मामींनी पुढे एकदा सहज विचारले, "विमान इतके जवळून जाते, तर मग ते जवळ का नाही रे?" प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देता येईना. ते शोधू लागलो तेव्हा अंतर आणि वेळ यांच्या नात्याविषयी बऱ्याच गोष्टी ध्यानात आल्या. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आणि सग्यासोयऱ्यांचे जाळे तीन-चार प्रांतांत पसरलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना त्या उपयोगी पडतील, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

हवाई अंतर कसे काढतात

निर्मलला विमानतळ नाही, रेल्वेचे स्थानकही नाही. पण त्याच्या दोन अंगांना दोन लहान हवाई ठाणी आहेत. पश्चिमेस नांदेडचा श्री गुरु गोविंदसिंहजी विमानतळ आणि ईशान्येस आदिलाबादची निजामाच्या राजवटीतली जुनी धावपट्टी. पहिला महाराष्ट्रात, दुसरी तेलंगणात. या दोहोंमधले हवाई अंतर किती?

शाळेत शिकलेला भूगोल येथे कामास येतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण ध्रुवाकडे जाताना आखडत जातो. आपल्या भागात, म्हणजे एकोणिसाव्या अक्षांशाजवळ, तो साधारण १०५ किलोमीटर भरतो. नांदेडचा विमानतळ १९.१८ अंश उत्तर आणि ७७.३२ अंश पूर्व येथे आहे. आदिलाबादची धावपट्टी आहे सुमारे १९.६६ उत्तर आणि ७८.५३ पूर्व येथे. अक्षांशांतला फरक ०.४८, म्हणजे ५३ किलोमीटर. रेखांशांतला फरक १.२१, म्हणजे १२७ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हाती आल्या. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले, की कर्ण निघतो १३८ किलोमीटर. हेच हवाई अंतर.

लांबच्या प्रवासाला ही रीत पुरत नाही, कारण पृथ्वी गोल आहे. तेथे पृथ्वीगोलावर दोन ठिकाणी बोट ठेवून दोरा ताणून धरावा, तो दोरा ज्या वाटेने जाईल ती सर्वांत जवळची वाट. वैमानिक मात्र किलोमीटरऐवजी सागरी मैलांत बोलतात. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटरांचा. त्या हिशेबाने नांदेड आणि आदिलाबाद यांत सुमारे ७५ सागरी मैल आहेत.

याच रीतीने निर्मल ते नांदेड १०८, निर्मल ते आदिलाबाद ६५ आणि निर्मल ते हैदराबादचा शमशाबाद विमानतळ सुमारे २०५ किलोमीटर भरतात. वाचकांनी आपापल्या गावासाठी हा हिशेब करून पाहावा. मुलांना भूमितीचा एक प्रमेय आयुष्यात कोठे उपयोगी पडतो, हेही त्यानिमित्ताने दाखविता येईल.

मिनिटांचा हिशेब

अंतर कळले, की वेळ काढणे सोपे, असे आपल्याला वाटते. लहान विमानतळांवर चालणारे एटीआर ७२ जातीचे पंख्यांचे विमान उंचीवर गेल्यावर ताशी सुमारे पाचशे किलोमीटर वेगाने जाते. १३८ किलोमीटरांना त्या वेगाने सतरा मिनिटेदेखील लागू नयेत. प्रत्यक्षात तसे होत नाही. विमानाला आधी धावपट्टीच्या टोकाशी जावे लागते, मग उड्डाण, मग हळूहळू उंची गाठणे. इतक्या थोड्या अंतरात पुरती उंची आणि पुरता वेग हाती येतो न येतो, तोच उतरणीची तयारी सुरू होते. वाऱ्याची दिशा पाहून धावपट्टीच्या योग्य टोकाकडे वळसा घ्यावा लागतो, आणि उतरल्यावर पुन्हा थांब्यापर्यंत रांगत यावे लागते. वेळापत्रकात जो वेळ छापतात तो चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावीपर्यंतचा. तो धरला तर सतरा मिनिटांचा पाऊण तास होतो.

लहान अंतराच्या विमानप्रवासाचे मर्म येथेच आहे. चढणे, उतरणे, वळणे आणि रांगणे यांना लागणारा वेळ अंतर कमी झाले म्हणून कमी होत नाही. दोनशे किलोमीटर जा की आठशे, तो खर्च तेवढाच. तोच न्याय इंधनाला, कारण सर्वांत जास्त इंधन चढतानाच जळते. आणि तोच न्याय प्रवाशाला. घरापासून विमानतळ, तेथे तपासणीसाठी थांबणे, उड्डाण, सामानाची वाट पाहणे आणि पुढचा रस्ता, असे प्रवासाचे पाच तुकडे असतात. तिकिटावर त्यांतला एकच छापलेला असतो.

केंद्र सरकारने २०१६ च्या ऑक्टोबरात 'उडान' योजना जाहीर केली तेव्हा हाच विचार केलेला दिसतो. ताशी पाचशे किलोमीटरच्या हिशेबाने तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा घातलेल्या त्या योजनेत विमानांसाठी दोनशे ते आठशे किलोमीटरांचे टप्पे धरले होते. डोंगराळ, दुर्गम आणि बेटांच्या प्रदेशांना मात्र खालची मर्यादा नव्हती. आपले नांदेड-आदिलाबादचे १३८ किलोमीटर या मापात बसत नव्हते. एवढ्या अंतराला मोटार बरी, हाच त्याचा सरळ अर्थ.

बेटांना सूट का, याचे उत्तर स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत मिळते. तेथे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन चिमुकल्या बेटांमध्ये १९६७ पासून नियमित विमान जाते. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकातला वेळ दोन मिनिटे आणि अनुकूल वाऱ्यात केलेला विक्रम ५३ सेकंदांचा. जगातले हे सर्वांत लहान नियमित उड्डाण. पापा वेस्ट्रेवर शंभराच्या आसपास माणसे राहतात. त्या विमानातून शिक्षक येतात, डॉक्टर येतात, आजारी माणूस दवाखान्यात जातो. यात चैन काही नाही. मध्ये खवळलेला समुद्र आहे, म्हणून तेथे दोन मिनिटांच्या विमानाला अर्थ आहे. तेव्हा विमान हवे की नको, हे ठरविताना अंतराच्या जोडीने वाटेत काय आडवे आहे, हेही पाहावे लागते.

मध्ये आडवे काय आहे?

मग आपल्याकडे मध्ये काय आहे? समुद्र नाही. गोदावरी आहे, पण तिच्यावर पूल आहेत. निर्मलहून आदिलाबादच्या वाटेवर जुना महबूब घाट आहे, पण राष्ट्रीय महामार्ग झाल्यापासून ऐंशीएक किलोमीटरांची ही वाट दीड तासात उरकते. नांदेडकडची वाट मात्र सीमा ओलांडते.

ही सीमा फार जुनी नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका आदिलाबादेत गेला आणि आदिलाबादेतले किनवट, राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात आले. भाषेच्या आधारे रेघ ओढली, पण भाषा काही रेघेबरोबर सरकत नाही. भैंसा, मुधोळ, बासर या भागांत मराठी घरे राहिली, त्यांचे लेकीसुनांचे संबंध नांदेड, भोकर, धर्माबादशी राहिले. २०१४ साली तेलंगण झाले, ११ ऑक्टोबर २०१६ रोजी निर्मल हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि मुधोळ-भैंसा त्यात आले. जिल्हा बदलला, राज्याचे नाव बदलले, पण लग्नाच्या याद्या त्याच राहिल्या.

सीमेमुळे रस्ता लांबत नाही, पण राज्ये आपल्या राजधानीकडे जाणाऱ्या वाटा आधी सुधारतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. शेजारच्या परक्या जिल्ह्याकडे जाणाऱ्या वाटेची पाळी मागाहून येते. निर्मलहून हैदराबादच्या दिशेने चौपदरी महामार्ग आहे. नांदेडकडे हवाई अंतर त्याच्या जवळजवळ निम्मे, पण गाडीचा वेग तसा राहत नाही, आणि दिवसा बसने तीन तास सहज जातात. नात्याने जवळचे गाव वाटेने दूर पडते, ते असे.

जुन्या काळची विमाने

आपल्या भागाला विमान नवे नाही. निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत १९४५ साली हैदराबादेस डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. १९५३ मध्ये विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. आदिलाबादची धावपट्टी त्याच राजवटीची आठवण होय.

त्या काळातली एक गोष्ट आपल्या विषयाशी फार जवळची आहे. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी विमाने संध्याकाळनंतर निघत आणि मध्यरात्री नागपुरात एकत्र येत. तेथे टपालाच्या पिशव्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परत जात. या सेवेत पुढे डेक्कन एअरवेजच्या डकोटा विमानांचाही सहभाग होता. नागपूरला येणे हा त्या विमानांचा हेतू नव्हता. नागपूर हा सांधा होता. चार लांब वाटा तेथे जुळत, म्हणून त्या धावपट्टीला मोल होते.

लहान विमानतळाचे खरे काम यावरून कळते. शेजारच्या विमानतळावर उडी मारण्यासाठी त्याची गरज नसते. लांबच्या वाटेचे एक टोक आपल्या दाराशी आणून ठेवणे, हे त्याचे काम.

नांदेडचा अनुभव

हे काम सातत्याने होतेच असे नाही, हे नांदेडने दाखविले आहे. १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंहांनी नांदेडला गुरु ग्रंथ साहिबास गुरुगद्दी दिली. २००८ साली त्या घटनेची त्रिशताब्दी साजरी झाली आणि त्यानिमित्ताने नांदेडच्या विमानतळाला नवे रूप मिळाले. धावपट्टी मोठी झाली, मुंबईची विमाने काही वर्षे आली आणि थांबली. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेची पहिली उड्डाणे सुरू झाली, त्यांत हैदराबाद-नांदेड हा मार्ग होता. ट्रूजेट कंपनीचे एटीआर विमान हे सुमारे २४५ किलोमीटर तासाभरात तोडी. २०२२ च्या फेब्रुवारीत त्या कंपनीची उड्डाणे बंद पडली. मग ३१ मार्च २०२४ पासून स्टार एअरने नांदेडहून बंगळूर आणि दिल्लीजवळचे हिंडन यांसारख्या लांबच्या ठिकाणी सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी पुढे पुण्याचीही.

धावपट्टी एकदा बांधली की राहते, विमान मात्र प्रवासी, इंधनाचा भाव आणि कंपनीची ऐपत यांवर येते-जाते. म्हणून लहान विमानतळाच्या भरवशावर लग्नाचा मुहूर्त धरणाऱ्याने निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि रेल्वेचा दुसरा मार्ग मनात ठेवावा, हे बरे.

आदिलाबादला विमान आले तर

आदिलाबादच्या जुन्या धावपट्टीची साडेतीनशे एकरांहून अधिक जागा हवाई दलाकडे आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये हवाई दलाने तेथे नागरी विमानतळ विकसित करण्यास अनुकूलता दर्शविली आणि निर्मलच्या बाजारपेठेतही आनंद पसरला. या आनंदाला थोडे गणित जोडून पाहू.

आदिलाबादहून हैदराबादचे विमान सुरू झाले, असे धरा. हवाई अंतर सुमारे २७० किलोमीटर, प्रवास एक तासाचा. निर्मलच्या माणसाने आधी उलट्या दिशेला दीड तास आदिलाबादला जायचे, तेथे दीड तास थांबायचे, मग तासभर उडायचे. शमशाबादेस उतरेपर्यंत चार तास झाले. महामार्गाने मोटारीत बसून साडेचार-पाच तासांत तो तेथेच पोचतो. वाचला तो अर्धा-पाऊण तास, आणि त्यासाठी दोनदा सामान उतरविणे आले. निर्मलला या विमानाचा फारसा लाभ नाही. आदिलाबादच्या माणसाला मात्र आहे, कारण त्याचे पहिले दीड तास वाचतात आणि रस्त्यावरचा त्याचा प्रवासही दीड तासाने लांब आहे.

आता दुसरे गणित. निर्मलहून पुण्याला जायचे आहे. मोटारीने रात्रभराचा अकरा-बारा तासांचा प्रवास. नांदेडला तीन तास, थांबणे दीड तास, सुमारे ३६५ किलोमीटरांचे उड्डाण सव्वा तास आणि पुण्यात बाहेर पडून घर गाठायला एक तास, असे पावणेसात तास झाले. येथे चार-पाच तास वाचतात. भैंशाच्या किंवा मुधोळच्या माणसाचे त्याहून जास्त वाचतात. तेव्हा आदिलाबादहून थेट मुंबई, पुणे किंवा दिल्ली अशी लांबची वाट निघाली, तरच निर्मलच्या कुटुंबांच्या घड्याळात फरक पडेल.

आणि तिसरे गणित सर्वांत साधे. नांदेडची वाट सुधारून तीन तासांचे दोन झाले, तर नव्या विमानतळावाचूनच निर्मलच्या प्रत्येक विमानप्रवाशाचा एक तास वाचेल. विमानाने न जाणाऱ्यांचाही वाचेल, आणि त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. माहेरपणाला जाणारी लेक, बासरला सरस्वतीच्या पायांशी मुलाचे अक्षर गिरवून घेण्यासाठी नांदेडकडून येणारे आईबाप, दवाखान्यासाठी निघालेले म्हातारे, या सर्वांचे विमान म्हणजे हा रस्ताच. आदिलाबादच्या विमानतळाची मागणी करू नये, असे मी म्हणत नाही. मागणी अवश्य करावी. पण अर्जात रस्त्याची ओळ विमानाच्या ओळीच्या वर असावी.

मामींचा प्रश्न

मागच्या भेटीत हे सारे आकडे मी मामींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे दिल्लीचा माणूस वरून गेला तरी दूरच, आणि नांदेडचा खालून आला तरी जवळचा. असेच ना?" मला वाटते, माझ्या साऱ्या त्रिकोणांपेक्षा त्यांनीच ते नीट मांडले.

आपली घरे आता नकाशावर फार पसरली आहेत. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर, त्याहीपुढे परदेश. म्हणून प्रत्येक कुटुंबाने एकदा बसून आपला एक नकाशा करावा. आकड्यांच्या जागी किलोमीटर न लिहिता तास लिहावेत, दारापासून दारापर्यंतचे. कोणता भाऊ तीन तासांवर आहे, कोणती बहीण बारा तासांवर आहे, हे त्यात दिसेल. रात्री-बेरात्री फोन वाजला, तर आधी कोणाला हाक मारायची, हे त्या कागदावरून कळेल. आणि बारा तासांवर असलेल्याने मोठ्यांच्या भेटीला केव्हा निघायचे, तेही कळेल. आमच्या मामेभावाने तेव्हापासून नेम केला आहे. दर संक्रांतीला तो चार दिवस घरी येऊन राहतो. विमान त्याला अजूनही घरावरूनच नेते. पण आता तो खिडकीतून धरणाचे पाणी पाहतो, तेव्हा संध्याकाळच्या आत मामींच्या हातचा चहा मिळणार, हे त्याला ठाऊक असते.